ठाण्याच्या खाडीवरचा गेम आणि चौघांचा स्टुडिओ

वागळेचा_गाळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही चौघं कॉम्प्युटर गेम बनवतोय. प्रोग्रामिंगला दोघं, चित्रं काढणारी एक मैत्रीण आणि आवाजाचं काम बघणारा एक जण, तो आठवड्याचे निम्मेच दिवस येतो. गाळ्याचं भाडं बाहेरच्या कामांतून निघतं. कोणाला शिकवणीच्या ॲपसाठी छोटे खेळ हवे असतात, कोणाला प्रदर्शनातल्या स्टॉलवर टचस्क्रीनचं काहीतरी हवं असतं. ते सांभाळून उरलेल्या वेळात स्वतःचा गेम. इथे इतर धाग्यांवर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की एवढ्याशा स्टुडिओचं नेमकं कसं चालतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी गेमबद्दल. पीसीवरचा आहे, स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात ठेवणार. ठाण्याच्या खाडीत एक बाई होडी घेऊन फिरते. जाळी लावते, चिखलात उतरून निवट्या, म्हणजे चिखलात बिळं करून राहणारे छोटे मासे, धरते, मिठागराच्या बांधापर्यंत जाऊन परत येते. बस्स एवढंच. तलवार नाही, शत्रू नाही. अडवणारी आणि मदत करणारी गोष्ट एकच, पाणी. भरती-ओहोटीचं एक चक्र साधारण १२ तास २५ मिनिटांचं असतं, ते आम्ही काही मिनिटांत बसवलंय. भरतीला खारफुटीच्या आत शिरायला वाट होते. ओहोटी लागली की तीच वाट बंद होते, होडी गाळात रुतते, आणि जिथे मघाशी पाणी होतं तिथे निवट्या दिसायला लागतात.

कोडमध्ये हे सगळं एका आकड्यावर उभं आहे, पाण्याची पातळी. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची उंची आहे. पातळी तिच्या वर असेल तर होडी जाते, खाली असेल तर पायी जाता येतं, जवळपास असेल तर दोन्ही अवघड. पक्षी कुठे उतरतील, जाळं कोणत्या दिशेला ताणलं जाईल, पार्श्वसंगीत कधी पातळ होईल, हे सगळं त्याच आकड्याला विचारून ठरतं.

आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे. चार माणसांच्या स्टुडिओने असा एकच आकडा शोधावा आणि त्याला धरून राहावं. आमच्या फळ्यावर एक यादी आहे: मासळी बाजार, होडी सजवणं, पावसाळा, दोघांनी मिळून खेळणं. यातलं प्रत्येक सुचलं तेव्हा सुंदरच वाटलं होतं. पण प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, हे पाण्याच्या पातळीमुळे बदलतं का? बाजार बदलत नव्हता, गेला. सजावट गेली. पावसाळा राहिला, कारण पाऊस आणि उधाण एकत्र आलं की पाणी बांधावरून आत येतं. एरिक बॅरोनने स्टारड्यू व्हॅली हा गेम एकट्याने चारेक वर्षं खपून २०१६ मध्ये आणला, तो लोकांना पाठ असतो, आणि मग सगळ्यांना शेती, गाव, लग्न, खाण सगळं आपल्याही गेममध्ये हवं असतं. तेवढी वर्षं बिनपगारी काढायची सोय घरी आहे का, हे आधी बघावं.

इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर, गोडॉ वापरतोय. एमआयटी हा मुक्त परवाना आहे, रॉयल्टी नाही, उद्या काही झालं तर सोर्स कोड आपल्याकडे आहे. युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीने १२ सप्टेंबर २०२३ ला इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं. त्या काळात ज्यांचे गेम अर्धे झाले होते त्यांची झोप उडाली होती. अनरियल या तिसऱ्या इंजिनमध्ये एका गेमची कमाई १० लाख डॉलरच्या वर गेली की ५ टक्के द्यावे लागतात, पण आमच्यासारख्या चपट्या चित्रांच्या गेमला ते इंजिन अवजड पडतं.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तेवढं सांगतो.

---

नेरूळ_पूर्व

मस्त धागा. एक शंका. आपल्याकडे सगळे मोबाइलवर खेळतात. ट्रान्स-हार्बरच्या कुठल्याही डब्यात बघा, ठाण्याहून वाशीपर्यंत निम्मे लोक मान खाली घालून खेळत असतात. मग पीसी आणि स्टीम कशासाठी? मोबाइलवर फुकट ठेवायचा आणि जाहिराती लावायच्या, सोपं नाही का?

---

वागळेचा_गाळा

सोपं दिसतं. पण फुकट गेमचं गणित वेगळं असतं. एका खेळाडूमागे जाहिरातीतून अगदीच किरकोळ रक्कम सुटते, त्यामुळे खेळाडू प्रचंड संख्येने लागतात, आणि ते आणायला आपल्यालाच जाहिरातींवर खर्च करावा लागतो. ज्यांच्याकडे तो पैसा आहे त्यांच्याशी आपण त्या मैदानात लढू शकत नाही. शिवाय मग गेमही तसाच घडवावा लागतो, रोज परत यायला लावणारा, मध्ये मध्ये थांबवून जाहिरात दाखवणारा. आमचा गेम तीनेक तासांचा आहे आणि संपतो. संपणारा गेम विकतच द्यावा लागतो.

तरी मोबाइलवर जाणाऱ्यांसाठी सांगतो. गूगल प्लेचं खातं २५ डॉलरमध्ये एकदाच उघडता येतं. मात्र नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला २० माणसं लागायची, आता १२ लागतात, सलग १४ दिवस. बारा माणसं गोळा होतात, पण ती चौदा दिवस टिकवून धरायला मागे लागावं लागतं. ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर, दरवर्षी.

स्टीमला एका गेमचे १०० डॉलर. कमाई १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम बाजारात आणता येत नाही, आणि 'लवकरच येत आहे' असं पान किमान दोन आठवडे लोकांसमोर असावं लागतं. पण ती किमान मुदत झाली. पान जितकं लवकर टाकाल तितकं बरं, कारण ज्यांनी विशलिस्टमध्ये टाकलंय त्यांना गेम आला की स्टीम स्वतः ईमेल करतं. पुढे २० टक्के किंवा जास्त सूट दिली की पुन्हा. जाहिरातीला पैसे नसलेल्या स्टुडिओला यापेक्षा मोठी मदत कोणी करत नाही.

---

हिशेबनीस_ठाणे_पश्चिम

पैशाचा विषय निघालाच आहे तर आकडा मांडतो, लोक इथेच गडबडतात. भारतात स्टीमवर ३५४ रुपये किंमत लावली तर त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, ५४ रुपये. उरले ३००. त्यातले ३० टक्के स्टीमचे, म्हणजे ९०. तुमच्याकडे २१०. चौघांत वाटायला, भाडं द्यायला आणि आयकर भरायला तेवढे. एपिकच्या स्टोअरवर जून २०२५ पासून एका गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर वाटाच नाही, त्यापुढे १२ टक्के, पण गिऱ्हाईक कुठे जास्त येतं तेही बघावं लागतं.

दुसरं, अमेरिकेतल्या विक्रीवर तिथे कर कापला जातो. फॉर्म नीट भरला तर भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर १५ टक्के, नाही भरला तर ३०. एकटा माणूस असेल तर डब्ल्यू-८ बेन, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कंपनी असेल तर डब्ल्यू-८ बेन-ई. पॅन तिथे चालतो. कापलेल्या कराचं क्रेडिट इथल्या रिटर्नमध्ये घेता येतं, त्यासाठी कागद जपून ठेवा. जीएसटी नोंदणी असेल तर परदेशातून येणाऱ्या उत्पन्नासाठी दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे निर्यातीवर कर न भरता काम चालतं.

एलएलपी केली असेल तर उत्पन्न शून्य असलं तरी फॉर्म ११ आणि फॉर्म ८ भरावेच लागतात, ३० मे आणि ३० ऑक्टोबर. मुलं उत्साहात एलएलपी काढतात, गेम लांबतो, आणि दंड साचत राहतो. पहिली कमाई दिसेपर्यंत साधी भागीदारी चालू शकते, फक्त करारनामा स्टॅम्प पेपरवर हवा.

---

वागळेचा_गाळा

दादा, फार मोलाचं लिहिलंत. गाळ्यातल्या फळ्यावर उतरवून घेतलं.

---

अक्षरवेडी

गेममधलं लेखन मराठीत आहे का? असेल तर अक्षरं नीट दिसतात का? मी फाँटचं काम करते, म्हणून खास विचारतेय. गेममध्ये देवनागरी बघितली की नव्वद टक्के वेळा वेलांटी भलत्याच जागी असते.

---

वागळेचा_गाळा

ताई, याच प्रश्नाची वाट बघत होतो.

मराठी आणि इंग्रजी, दोन्ही. पण मराठी आधी लिहिलं, इंग्रजी त्यावरून केलं. आणि गोडॉ निवडण्याचं निम्मं कारण हेच होतं. मार्च २०२३ मध्ये गोडॉ ४ आलं, त्यात हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर आतच आहे, त्यामुळे जोडाक्षरं जुळतात. त्याआधीच्या आवृत्तीत 'खाडीच्या' लिहिलं तर च चा पाय मोडलेला आणि या वेगळा दिसायचा, 'किनारा' मधली वेलांटी क च्या नंतर लागायची. बऱ्याच इंजिनांच्या जुन्या मजकूर-व्यवस्थेत अजून हेच होतं, कारण ती अक्षरं एकेक करून ओळीत मांडते आणि देवनागरी तशी मांडता येत नाही.

तरी आमचं एक काम उरलंच होतं. संवाद आम्ही टाइप होत असल्यासारखे दाखवतो, अक्षरामागून अक्षर. आता 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते सहा घटक आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार. एकेक घटक उघडत गेलं तर पडद्यावर आधी स, मग पाय मोडका स, मग स्त, असं काहीतरी थरथरत राहतं. ते बघवत नाही. गोडॉच्या मजकुराच्या चौकटीत एक सोय आहे, अक्षरं जुळवून झाल्यावर मगच त्यातली किती दाखवायची ते ठरवायची. ती लावली आणि 'स्त्री' एका झटक्यात अख्खी आली.

फाँटचं नाव 'मुक्त', 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचा, खुल्या परवान्याचा, गेममध्ये सोबत देता येतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा बरंच जास्त ठेवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो.

---

अक्षरवेडी

'मुक्त' चांगला निवडलात. एक भर घालते. फाँटमध्ये मराठी रूपांची सोय असेल तर मजकुराची भाषा मराठी अशी इंजिनला सांगायला विसरू नका. नाही सांगितली तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. चूक नाही म्हणता येणार, पण मराठी वाचणाऱ्याचा डोळा अडखळतो. आणि 'ऱ्या', 'ऱ्ह' वेगळे तपासा. 'किनाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड' असे शब्द टाकून एक चाचणीचं पान करून ठेवा, प्रत्येक बिल्डमध्ये उघडून बघा.

---

चेंदणी_कोळीवाडा

आमच्या खाडीवर गेम होतोय हे वाचून बरं वाटलं. माझा आजा डोल (पिशवीसारखं मोठं जाळं) लावायचा. तुम्ही भरतीची वेळ कशी ठरवली? आमच्याकडे घड्याळ बघत नसत, तिथी बघत. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी ना धड चढत ना धड उतरत. हा हिशेब समुद्राकाठचा. खाडीत आतपर्यंत पाणी यायला आणखी वेळ जातो, तेवढा धरायचा.

आणि निवटी धरायची तर बिळाला दोन तोंडं असतात. एकीकडून हात घातला की ती दुसरीकडून निघते. तुमच्या गेममध्ये एकच बीळ आहे का दोन?

---

वागळेचा_गाळा

दादा, पाऊणपटीचा हिशेब गेममध्ये आहे. पडद्यावर घड्याळ नाहीच, वरच्या कोपऱ्यात फक्त चंद्र आहे आणि खाली तिथी. खेळाडूने तिथीवरून वेळ काढायची. पहिल्या प्रसंगात आजी नातीला हाच हिशेब शिकवते आणि तिथून पुढे गेम कुठलीही सूचना देत नाही. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते हे दोन-तीन दिवस खेळलं की हातात बसतं. चेंदणीतल्याच एका आजींनी आम्हाला ते समजावलं होतं.

भांगाच्या दिवशी खारफुटीत आत शिरताच येत नाही. त्या दिवसांत काय करायचं, हा रचनेतला सगळ्यात अवघड प्रश्न होता. खेळाडू कंटाळेल अशी भीती होती. शेवटी ते दिवस जाळी विणण्याचे आणि गप्पांचे ठेवले. गोष्ट पुढे जाते ती भांगातच, उधाण फक्त कामाचं. गेमची लय तिथेच सापडली.

बिळाचं दुसरं तोंड आमच्याकडे नव्हतं. ते घेणार. दोन तोंडं असली की एक हात एका बटणावर आणि दुसरा दुसऱ्यावर, धरण्याची खरी धडपड येईल. श्रेयनामावलीत चेंदणी कोळीवाड्याचं नाव आहेच, तुमची हरकत नसेल तर हे टोपणनावही घालतो.

---

चेंदणी_कोळीवाडा

घाला की. आजाला सांगतो.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

माझा मुलगा बारावीला आहे आणि गेम डिझाइनच करायचं म्हणतोय. घरात रोज वाद. सासरे म्हणतात सरकारने गेमिंगवर बंदी घातली, आणि हा त्यातच करिअर करायला निघाला. कोणी शांतपणे सांगेल का नक्की काय आहे ते?

---

वागळेचा_गाळा

ताई, सासऱ्यांना एवढंच सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा आहे. रमी, पोकर, पैशाच्या फँटसी लीग वगैरे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्‌स आणि साध्या सामाजिक गेमना प्रोत्साहन द्यायचीही तरतूद आहे. दोन्हींना 'गेमिंग' हाच शब्द असल्यामुळे घरोघरी गोंधळ झालाय. आमच्याही बँकेत खातं उघडताना हे समजावावं लागलं.

शिक्षणाचं म्हणाल तर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत आयआयसीटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज) ही नवी राष्ट्रीय संस्था आलीय. पण बारावीनंतर लगेच खासगी संस्थेत मोठी फी भरू नका. त्याला आधी एक छोटा गेम पुरा करायला सांगा, पुरा म्हणजे सुरुवात, शेवट, आवाज आणि मेनूसकट. दर जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो. मोजक्या दिवसांत अनोळखी लोकांबरोबर गेम बनवायचा, त्यात बसवा. तिथे त्याला कळेल की त्याला गेम खेळायला आवडतात की बनवायला. दोन्ही आवडी चांगल्याच, पण वेगळ्या आहेत. आणि चित्रकला, गणित, लेखन यातलं एक तरी पक्कं असू दे. आमच्याकडे काम मागायला येतात त्यांच्यात नुसतं 'मला गेम सुचतात' म्हणणारे पुष्कळ असतात.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

मनापासून आभार. रात्री त्याला हा धागा वाचायला देते.

---

तबला_आणि_सिंथ

मी दोन गेमना संगीत दिलंय म्हणून एक मुद्दा. चौघं मित्र आहात, ठीक. पण कोणाचं काय, हे कागदावर आहे का? नोकरीवर ठेवलेल्या माणसाने केलेलं काम मालकाचं होतं, पण बाहेरून करून घेतलेलं संगीत सहसा करणाऱ्याचंच राहतं, लेखी हस्तांतरण केलं नाही तर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे गेम जगभर विकताय आणि संगीताचा हक्क भारतापुरता आणि पाच वर्षांपुरता. हे तुम्हाला आणि संगीतकाराला, दोघांनाही गोत्यात आणणारं आहे.

---

वागळेचा_गाळा

हा मुद्दा प्रत्येक स्टुडिओने भिंतीवर लावावा असा आहे. आमचा करार आहे, चौघांचा. हक्क कोणाचे, मुदत, प्रदेश, सगळं स्पष्ट. आणि एक कलम आम्ही आवर्जून घातलं: मध्येच कोणी सोडून गेलं तर त्याचा वाटा किती. नोकरी लागते, लग्न होतं, आईवडील आजारी पडतात, माणसं जातात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. आमच्याकडे झालेल्या कामाच्या प्रमाणात वाटा राहतो, पण कोडची आणि चित्रांची वापरण्याची परवानगी स्टुडिओकडे कायम. हे सगळे खूश असताना, चहा पिताना लिहून घ्यावं. संगीतकाराला मात्र गाणी वेगळी विकायचा हक्क ठेवलाय, तो त्याचा असायलाच हवा.

---

नेरूळ_पूर्व

शेवटची शंका. मराठी माणूस गेम विकत घेईल? प्रामाणिक उत्तर द्या. आणि तीन तासांचाच गेम, तर लोक खेळून परत करणार नाहीत का?

---

वागळेचा_गाळा

घेणारे आहेत, पण फक्त त्यांच्या भरवशावर स्टुडिओ चालणार नाही, हे धरूनच चाललोय. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' आणला तो निन्टेन्डो स्विचवर आणि नंतर पीसी-कन्सोलवर, जगभरासाठी. टोरंटोच्या छोट्या स्टुडिओचा २०२३ चा 'वेन्बा' तमिळ घरातल्या स्वयंपाकावर आहे, तो तमिळ न येणाऱ्यांनीही खेळला. लोकांना परक्या ठिकाणचं खरं, बारकाईचं काही मिळालं तर ते येतात. आपण चेंदणीऐवजी कुठलीतरी काल्पनिक खाडी दाखवली असती तर आपल्याकडे बघायचं कारणच उरलं नसतं. त्यामुळे मराठी ही गेमची ताकद आहे, सोबत इंग्रजी चोख असावं लागतं.

परतीचं म्हणाल तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. तासाभरात संपणाऱ्या गेमना याचा फटका बसतो. पण यासाठी गेम ओढून ताणून लांबवणं मला मान्य नाही. पहिल्या उधाणापर्यंत खेळाडू रमला तर तो राहतो, नाही रमला तर त्याला पैसे परत मिळालेलेच बरे.

डेमो नेक्स्ट फेस्टला, म्हणजे स्टीमवरच्या डेमोंच्या महोत्सवाला, देणार. तो वर्षातून तीनदा होतो, पण एका गेमला एकदाच भाग घेता येतो. म्हणून घाई करत नाही, डेमो घासून पुसून तयार झाला की मगच.

---

अक्षरवेडी

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा)! खेळून बघायला कधी मिळेल? ठाण्यातच आहे.

---

वागळेचा_गाळा

येत्या रविवारी सकाळी दहानंतर गाळ्यावर या, जमेल त्या सगळ्यांनी. पत्ता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवतो. ठाणे स्टेशनवरून वागळेची शेअर रिक्षा मिळते. हेडफोन स्वतःचे आणा. खेळताना आम्ही मागे बसून फक्त बघू, मदत करणार नाही आणि काही समजावणारही नाही, त्याचा राग मानू नका. कुठे अडकता तेच आम्हाला बघायचंय. ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नाही असं घरातलं कोणी सोबत आणलंत तर फार उपयोग होईल.

---

नेरूळ_पूर्व

माझा लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. आणू का?

---

वागळेचा_गाळा

तोच आणा. आमच्या गाळ्यात सगळे चांगले संगणक आहेत, त्यामुळे तिथे गेम कधी अडखळत नाही. तुमच्या लॅपटॉपवर पाणी कसं हलतं ते बघायचंय. चार्जर विसरू नका.